कच्च्या ब्राउझरची खोट

माझी नात ठाण्याला एका कंपनीत लागली. लागली म्हणजे कायम न्हाय, कच्च्यावर. काम बघणार आन् मंग ठेवायची का काढायची ते ठरवणार. ती कंपनी फोनातला ब्राउझर बनवते. मला आधी ठाऊक न्हवतं ब्राउझर म्हणजे काय. नातीनं सांगितलं, "आजी, इंटरनेटवरचं पान ज्याच्यातून उघडतं ना, तो ब्राउझर." मी बोलले, म्हणजे दरवाजा. ती बोलली, "हां, दरवाजाच समज."

हा दरवाजा अजून बाजारात आला न्हवता. बाजारात जायच्या आधी थोड्या लोकांना वापरायला देतात आन् कुठं काय बिघडतं ते विचारतात. म्हाताऱ्या माणसांना, कमी शिकलेल्यांना तो जमतो का, हे बघायचं काम नातीकडं व्हतं. आमच्या घरात म्हातारी मी एकच. मंग तिनं माझ्याच फोनात घातला.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. पुढं धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवली. अक्षर ओळखते, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात कुठं व्हती ते विसरते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच हाय. म्हणून मला त्या ब्राउझरातली एकच गोष्ट आवडली. पान उघडलं की वर कोपऱ्यात भोंग्याचं चित्र. ते दाबलं की एक बाई ते पान मराठीत वाचून दाखवते.

कापडाच्या लूमच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळं मला कमी ऐकू येतं. मी फोनचा आवाज पूर्ण वाढवायची. शेजारीण ओट्यावरून बोलायची, "आजी, आज आमच्यासाठी सिरियलचं काहीतरी लावा, रोज काय रस्त्याच्या बातम्या."

पहिल्याच दिवशी मी सुक्या जवळ्याच्या चटणीचं पान लावलं. जन्मभर जवळा केलाय, पण दुसरी बाई कसा करते ते ऐकायला बरं वाटतं. जवळा निवडून घ्या, तव्यावर भाजून घ्या, कांदा बारीक चिरा. आन् गप्प. मी भोंगा पुन्हा दाबला. पुन्हा पहिल्यापासून, जवळा निवडून घ्या. पुन्हा कांद्यापाशी येऊन गप्प. मी बोलले, असंल, एवढंच असंल.

संध्याकाळी नात आली, चप्पल काढता काढता विचारलं, "आजी, काय अडचण आली का?"

"न्हाय गं बाय. बेस चालतंय."

रोज तेच. ती विचारायची, मी बेस बोलायची. अक्षर मोठं केलं की ओळीचं टोक काचेबाहेर जायचं. मागं जायचं बटण दाबलं की सगळंच बंद व्हायचं. एकदा फोन एवढा तापला की मी त्याला पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. तक्रारीचं एक वेगळं बटण व्हतं, नातीनं दाखवलं व्हतं, त्यावर बोट ठेवून बोललं की कंपनीत ऐकू जातं. त्या बटणाकडं मी बघत पण नसायची.

मंग एक दिवस नात आली ती पर्स पण खांद्यावरून न काढता माझ्याजवळ बसली. तिच्या वरची एक मॅडम हाय. तिनं विचारलं व्हतं, बाकी सगळ्यांनी एवढ्या तक्रारी दिल्या, तुझ्या आजीची एकपण कशी न्हाय. नात बोलली, आजीला खरंच छान जमतं. मॅडमला ते पटलं न्हवतं. शनिवारी ती स्वतः माझ्याशी बोलणार व्हती, लॅपटॉपवर, समोरासमोर.

"आजी, नीट बोल हां. माझं कायम व्हायचं का न्हाय, ते ह्याच महिन्यात ठरणार हाय. आन् हेच माझं काम हाय."

"तू काळजी करू नको," मी बोलले. माझ्या मनात आलं, आपण एवढं चांगलं सांगू की मॅडम शनिवारीच कायमचा कागद देईल.

पण शनिवार यायच्या आधीच मी पकडले गेले. रात्रीचं जेवायला बसलो व्हतो. माझा लेक काल्हेरच्या गोडाऊनवरून टेम्पो चालवतो, तो पण लवकर आला व्हता. मी बातमी सांगितली, "कशेळीच्या पुलावर आज ट्रक उलटला."

लेक बोलला, "मंग? कुणाला लागलं?"

"ते काय मला माहीत न्हाय."

"काल पण तू असंच बोललीस. शेलार गावच्या शाळेत सभा झाली. कशाची सभा, तर माहीत न्हाय. आमच्या आईला सगळ्या गोष्टी अर्ध्याच कळतात."

सून हसली. नात न्हाय हसली. तिनं हातातला घास तसाच ताटात ठेवला.

"आजी, तू बातमी पूर्ण ऐकत न्हाईस?"

"जेवढं ती बाई बोलते तेवढं ऐकते."

"म्हणजे ती मधेच थांबते?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"आजी, कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती उठली, हात धुतला, माझा फोन घेऊन आली. मंग एकेक निघालं. ओळीचं टोक, मागं जायचं बटण, माठाला टेकवलेला फोन. सून बोलली, "आई, मला वाटलं तुम्ही पाणी थंड हाय का बघताय." नातीच्या डोळ्यांत पाणी आलं व्हतं. रागाचं व्हतं का कशाचं, मला सांगता येणार न्हाय.

"मी रोज विचारत व्हते. रोज. तू खोटं का सांगितलंस?"

"तुझ्या कामात खोट हाय असं मी कुणाला सांगू? तुझी हाजरी कापली तर?"

"अगं, खोट शोधायचाच पगार देतात मला."

"खोट शोधायचा पगार आमच्याकडं मेहताजीला भेटायचा," मी बोलले. "त्याला कुणी जेवायला बोलवायचं न्हाय."

लेक हसला. त्याला मेहताजी आठवत व्हता. नातीनं तो बघितलेला न्हाय, म्हणून मी तिला सांगितलं. इथं पण सांगते.

आमच्या घरची शेती चार भावांत वाटली गेली तेव्हा नवरा लूमवर लागला. मी कांडी भरायची, म्हणजे बाण्याचा, आडवा धागा छोट्या नळीवर गुंडाळायचा. पुढं त्यांना छातीचं दुखणं लागलं. खोकून खोकून बरगड्या दिसायला लागल्या, तरी ड्युटी सोडली न्हाय. ते गेले तेव्हा लेक शाळेत जात व्हता. शेठनं मला घडीखात्यात घेतलं. लूमवरून कापड उतरलं की ते टेबलावर पसरून घड्या घालायच्या आन् तागा बांधायचा, ते घडीखातं. बांधलेला तागा मेहताजी बघायचा. तेलाचा डाग दिसला, जाळी, म्हणजे धागा तुटून विरलेली जागा दिसली, की कारागिराचा पगार कापायचा. धागा कच्चा असंल, लूम जुनी असंल, लाईट मधीच गेली असंल, कापायचे ते कारागिराचेच.

मी नवीन व्हते. पहिल्या आठवड्यात एका ताग्यात जाळी दिसली. मी मेहताजीला हाक मारणार, तेवढ्यात शेजारच्या बाईनं माझा हात धरला. आजमगडची व्हती ती. तिनं कापड माझ्या हातातून घेतलं आन् घडी अशी घातली की जाळी पार आत गेली. वरून तागा एकदम साफ.

ती बोलली, "तेरे घरवाले का थान भी हम ऐसे ही मोड़ते थे. आखिर में बहुत धागा टूटता था उससे, खाँसी में."

मला ठाऊक न्हवतं. ते शेवटच्या वर्षी पूर्ण पगार घरी आणायचे, मला वाटायचं तब्येत सुधारतेय. खोकल्याची उबळ आली की लूम थांबवेपर्यंत जाळी पडायची, आन् ह्या बाया, ज्यांची नावं पण मला माहीत न्हवती, ती आत घ्यायच्या. टेबलापाशी उभी राहिले आन् घडी घातली. पुढं हात चालत व्हते तोवर तसंच केलं. कुणी विचारलं तर बोलायची, माल बेस हाय. त्याचं मला आज पण काय वाईट वाटत न्हाय.

नात ऐकत बसली व्हती. तिचा आवाज उतरला.

"आजी, तिथं तू सांगितलं असतंस तर कारागिराचे पैसे गेले असते. इथं तू न्हाय सांगितलंस तर माझी नोकरी जाईल. उलटं हाय इथं."

उलटं हाय हे डोक्याला कळलं. जिभेला कळायला वेळ लागतो.

शनिवारी लॅपटॉप पाटावर ठेवला. मॅडम दिसली. मला वाटलं व्हतं चष्मा लावलेली मोठी बाई असंल, तर पोरगीच, केस कापलेली.

"नमस्कार आजी. ब्राउझर वापरताना कसं वाटतंय?"

मी बोलले, "बेस हाय."

नातीनं माझ्याकडं बघितलं पण न्हाय. ती आपल्या बोटांकडं बघत बसली व्हती. तिचा अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर घासत व्हता. तिचे आजोबा शेठच्या ऑफिसबाहेर बसायचे तेव्हा असंच करायचे.

मी घसा साफ केला. "बेस हाय, पण वाचताना मधीच थांबतो."

"थांबतो? दाखवता का मला?"

नातीनं माझा फोन हातात धरला, एक पान उघडलं, भोंगा दाबला. बाई वाचायला लागली ती थांबलीच न्हाय. सगळं पान वाचलं, शेवटपर्यंत. नात काचेवर बोट सरकवून पान खाली खाली नेत व्हती.

मॅडम बोलली, "इथे तर व्यवस्थित चाललंय."

नातीचा चेहरा उतरला. आता मॅडमला वाटणार, आधी पोरीनं आजीला चांगलं बोलायला शिकवलं, आन् आता वाईट बोलायला शिकवलं.

मी बोलले, "मॅडम, मी असं हातात धरून कधी ऐकत न्हाय. माझ्या हाताला काम असतं."

"मग कसं ऐकता?"

मी फोन घेतला, भोंगा दाबला, आन् रोजच्यासारखा मांडणीवर डब्याला टेकवून ठेवला. सूप घेतलं, तांदूळ निवडायला बसले. बाई वाचत व्हती. मॅडम लॅपटॉपमधून बघत व्हती, मी खडे काढत व्हते. जरा वेळानं फोनची काच काळी झाली. आन् बाई गप्प.

नात बोलली, "स्क्रीन बंद झाली की वाचणं थांबतंय." मंग कपाळाला हात लावला. "मी ऑफिसमध्ये नेहमी हातात धरूनच बघितलं."

"आपण सगळ्यांनीच," मॅडम बोलली आन् लिहायला लागली. "आजी, आणखी काय आहे?"

मंग मी सांगितलं. टोक, मागचं बटण, तापणं. नातीनं माझ्या पाठीवर हात ठेवला व्हता. सगळं संपल्यावर मी मॅडमला बोलले, "खरं सांग असं ती बोलली म्हणून मी सांगितलं. पण ह्यातलं तिच्या नावावर काय लावू नका. पोरगी सकाळी न्याहारी न करता गाडी पकडते."

मॅडम हसली न्हाय. ती बोलली, "आजी, हे तिच्या नावावरच लावणार मी. चांगल्या बाजूला."

चांगल्या बाजूला खोट लावतात, असं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला तिचा भरवसा आला न्हाय. महिना संपेपर्यंत मी नातीला काय विचारलं न्हाय, तिनं काय सांगितलं न्हाय. मंग एका दुपारी, ऑफिस सुटायच्या वेळेआधीच, तिचा फोन आला. "आजी, कायम केलं." एवढंच बोलली. मी बोलले, "बरं झालं. येताना गाडीत नीट बस." फोन ठेवला, आन् तांदूळ निवडलेले व्हते ते पुन्हा निवडत बसले.

ब्राउझर अजून बाजारात गेलेला न्हाय. वाचणं आता काच काळी झाली तरी चालतं. दुसरंच काहीतरी बिघडलंय, जाहिरात आली की बाई ती पण वाचते, मधीच, बातमी असल्यासारखी. नात बोलली, आता मला सांगू नको, तूच बटण दाब आन् बोल.

म्हणून परवा मी तक्रारीच्या बटणावर बोट ठेवलं. पलीकडं कोण ऐकतं मला माहीत न्हाय. मी बोलले, "जेवलास का बाबा? तुझं काम चांगलं हाय. कापड चांगलं हाय. एका ठिकाणी, जाहिरातीपाशी, जरा जाळी पडलीय, तेवढी बघ. आन् तुझ्या साहेबाला सांग, म्हातारी बोलली, पोराला ओरडू नका."