रिकाम्या गाडीचे वजन

माझे हवालदार गेले, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून सत्तरच्या दशकातले सोलापूरचे एक प्रकरण मनातून हलत नाही.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. एका ओतकाम कारखान्याच्या मालकाने सात रस्त्याजवळच्या आमच्या चौकीत तक्रार दिली. त्याची लष्करी लिलावातली जुनी, दणकट पिकअप वैरागहून मोडीचे लोखंड आणत असे. सकाळी निघताना गाडी कारखान्याच्या काट्यावर रिकामी तोलायची, परतल्यावर भरलेली. फरक तो माल. एरवी आकडा वैरागच्या पावतीशी जुळे. अमावास्येच्या खेपेला मात्र दरवेळी सत्तर-ऐंशी किलो कमी.

"वाटेत विकतोय," मालक म्हणाला.

ड्रायव्हर भवानी पेठेत राहणारा, चाळिशीचा. गुन्हा नोंदवून मी त्याला ताब्यात घेतले.

"साहेब, मी वाटंत च्या प्यायलाबी थांबत न्हाय."

"मग लोखंड उडून गेलं?"

"मला काय ठावं? काट्यालाच इचारा की!"

मी हात उगारला नाही. एवढेच म्हणालो, की तुझ्या बायकोला चौकीत बसवून विचारतो. तो म्हणाला, "इकलं. लिवा." बार्शी रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याचे नावही त्याने दिले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, मुद्देमाल लागतो. पंच घेऊन दुकानावर गेलो, तर भंगारवाला हात जोडून म्हणाला, "दुकान उघडून आठ दिस झालं साहेब. अजून खिळाबी घेतला न्हाय." तूट तर कित्येक महिन्यांची होती.

हवालदार अक्कलकोटकडचे, कानडी घरातले. परतताना म्हणाले, "साहेब, चोर कशाला अमावास्या पाळतोय?" चौकीत येताच त्यांनी ड्रायव्हरला विचारले, "अमावास्येला काय करतोस रे तू?"

"काय करनार? सकाळी गाडी धुतो. ताडपत्री, दोर, समदं. नारळ फोडतो, लिंबू बांधतो आन् काट्यावर नेतो."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी मालकासमोर गाडी कोरडी तोलली. मग ड्रायव्हरकडूनच ती नेहमीसारखी धुऊन घेतली. लाकडी हौदा, जाड ताडपत्री, काथ्याचे दोर, खाली अंथरलेली पोती, सगळे पाणी प्याले. वजन पंचाहत्तर किलोंनी वाढले. सकाळी ओली तोललेली गाडी दिवसभर उन्हात वाळून परते आणि तेवढा माल कमी दिसे. चोरी झालीच नव्हती.

मालक ओशाळला. "उद्यापासून कामावर ये," म्हणाला.

ड्रायव्हर जागचा हलला नाही. "साहेब, मी इकलं म्हनलो, ते पेठंत समद्यास्नी कळलंय. पोरगी लग्नाची हाय. तुमी गल्लीत येऊन सांगा की, यानं इकलं न्हाय म्हून."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. गणवेशात, लोकांसमोर उभे राहून आपली चूक सांगणे मला जमेना. हवालदारांना पाठवले. त्यांनी गल्लीतल्या नळावर उभे राहून मराठीत आणि तिथल्या तेलुगू विणकरांसाठी मोडक्यातोडक्या तेलुगूत मोठ्याने सांगितले. परत आल्यावर एवढेच म्हणाले, "तुमची वाट बघत होता, साहेब."

कबुली मिळाली म्हणजे तपास संपला, असे मी त्यानंतर कधी मानले नाही. नव्या अधिकाऱ्यांना हे प्रकरण आवर्जून सांगत असे. गाडीच्या वजनापर्यंत आणून थांबत असे. हवालदार तिथेच उभे असायचे. पुढचे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.