काकींच्या गॅरेजवरचा कोबा

कुठलंही काम एका जाणत्या माणसाने केलं की ते नुसतं होतं. तेच आमच्या भजन मंडळाने अंगावर घेतलं की काम राहतं बाजूला आणि किस्सेच साचत जातात. विक्रोळीच्या काकींच्या गॅरेजवर आम्ही टेरेस बांधली, त्याचे इतके साचलेत की आमचे बुवा म्हणतात, "मेल्यांनो, आता स्लॅबवर वजन येतला!"

काका गेले, काकींनी गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजात दर गुरुवारी आमचं भजन सुरू झालं. काकांचं गाडी पुसायचं पिवळं फडकं मात्र अजून तिथे खिळ्याला असतं. त्याला कोणी हात लावायचा नाही, हा काकींचा नियम.

गॅरेजचं सपाट छत गळायचं. गेल्या पावसात पखवाजाच्या तोंडाला लावायच्या कणकेला बुरशी आली. काकी खाली आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "वर माझ्या किचनला लागून नीट टेरेस करून द्या. मला तिथे खुर्ची टाकून चहा प्यायचाय. आणि येत्या पावसात गॅरेजात एक थेंब जरी पडला ना, तर भजन बंद!"

मुंबईत पखवाज बडवायला दुसरी जागा कोण देतो? आमची हवाच गेली.

*

कोरसमधला भाऊ खरा गवंडी. त्याने सगळ्यांना खडू दिले. "जिथे गळतं तिथे छताला खूण करा."

प्रत्येकाने आपण बसतो त्याच्या बरोब्बर वर खूण केली. बुवांनी दोन केल्या! भाऊ बराच वेळ वर बघत राहिला.

"एवढ्या ठिकाणी गळतंय, तर स्लॅब आहे कुठे?"

*

कोबा म्हणजे सिमेंटमध्ये विटांचे तुकडे बसवून धोपटायचे, पण असे की पाणी उतारावरून पाइपाकडे गेलं पाहिजे. बुवा म्हणाले, तालात धोपटू. बंड्या पखवाज घेऊन बसला, बुवांनी गजर धरला, आणि आम्ही खाली वाकलो. बंड्या रंगात आला की डबलबारीच्या सामन्यात दुसऱ्या बुवांना हरवायचं असल्यासारखी लय वाढवतो. आमचे हात गळून पडायची वेळ आली.

"मेल्या, हळू!" बुवा ओरडले. "डबलबारी नाय ही, कोबो आसा!"

काम संपल्यावर भाऊने पाइपाच्या तोंडाशी लिंबू ठेवलं. लिंबू निघालं ते थेट काकींच्या किचनच्या नव्या दारात! दुपारभर भजी त्याच दारातून येत होती ना, सगळ्यांनी तिथेच जीव तोडून धोपटलं होतं.

काकींनी लिंबू उचललं. "हे सरबताला झालं. बाकीचं तोडा आणि परत करा."

*

दुसरा कोबा झकास झाला. मग भाऊ म्हणाला, दाराला वीतभर उंच उंबरा हवा, नाहीतर पाणी आत येईल.

"माझे गुडघे बघ," काकी म्हणाल्या. "मी टेरेसवर जायचं की दारातून तिला नमस्कार करायचा?"

उंबरा चार बोटांवर आला.

*

मग टेस्ट. पाइपात गोणपाटाचा बोळा कोंबून वर पाणी भरलं आणि चार दिवस ठेवलं. आम्ही खाली माना वर करून बसलेलो. चौथ्या दिवशी टप्पकन एक थेंब बुवांच्या टकलावर पडला! बुवा पांढरेफटक. त्यांच्या मागेच उभ्या असलेल्या बंड्याने थेंबाला बोट लावून चाखलं.

"बुवा, गोड आहे हा."

त्याच्याच हातातला सरबताचा ग्लास तिरका झाला होता.

भाऊने सगळ्यांसमोर बोळा उपसला आणि जाहीर केलं, "टेस्ट पास!"

"पेपर तुम्ही लिहिलात, तपासलातही तुम्हीच," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

जुलैमधला एक गुरुवार. दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता. आम्ही गॅरेजात श्वास रोखून बसलो. तास गेला, दोन तास गेले. छत कोरडं ठणठणीत! बुवांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात वरून हाक आली. "अहो, जरा वर या!"

वर गेलो तर किचनमध्ये घोटाभर पाणी. काकींच्या चपला फ्रीजभोवती फिरत होत्या. काकी स्वतः ओट्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, हातात चहाचा कप. बाहेर टेरेस काठोकाठ भरलेली.

"पाइप तुंबला!" भाऊ किंचाळला.

बुवांनी पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि जोर लावून ओढलं. पाणी गडगडत खाली गेलं. बुवांच्या हातात काकांचं पिवळं फडकं होतं.

आम्ही सगळे काकींकडे बघायला लागलो.

"खाली थेंब पडला?" काकींनी विचारलं.

"नाही, काकी."

"एकसुद्धा?"

"आईशप्पथ, नाही."

"मग पास," काकींनी चहाचा घोट घेतला. "आता लादी पुसा आणि खाली जाऊन गजर धरा. मी इथून ऐकते."

बंड्याने बुवांच्या हातून ते पिवळं फडकं घेतलं आणि लादी पुसायला वाकला.

"ए!" काकी ओट्यावरून ओरडल्या. "त्याला हात लावायचा नाही, माहीत नाही का तुला?"