खिडकीचं गाऱ्हाणं

रावजी शिवलकराचं बोलणं गावात कुणी फारसं ऐकलं नव्हतं. त्याचे कर्णे मात्र साऱ्या खाडीकाठाने ऐकले होते. लग्न असो, मिरकरवाड्याच्या बंदरात नव्या लाँचची पूजा असो, की निवडणुकीची सभा, कर्णे रावजीचेच. "हॅलो, माईक चेक" यापलीकडे स्वतःचं असं एक वाक्य तो माईकवर बोलला असेल तर शपथ. आणि ऐकण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. बायको, म्हणजे शालन, काही सांगू लागली की याची मान डोलायची आणि हात वायरींच्या गुंत्यात.

दोन हजार दोन साली या गृहस्थाने कॉम्प्युटर आणला. मुंबईच्या कुठल्याशा हापिसातून उतरवलेला, पण रावजीला तो देवाघरचा वाटला. त्यात त्याने एक सोडून दोन साउंड कार्डं बसवली. कशाला? तर आजवर माईक कुठलाही असो, सगळे कर्णे मिळून एकच ओरडायचे. आता या माईकचा आवाज या कर्ण्याला, त्या माईकचा त्या कर्ण्याला, आणि सगळा कारभार खुर्चीवर बसून. कल्पना झकास होती, नाही कशाला म्हणा! पण कॉम्प्युटर ठेवायला त्याने पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी असलेली शालनची शिलाई मशीन उचलली आणि माजघराच्या काळोखात नेऊन टाकली. तिला विचारलंसुद्धा नाही.

शालन गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. सुईत दोरा ओवण्याइतका उजेड त्या घरात फक्त त्या खिडकीशी. तिने सांगून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं आणि मग नवऱ्याशी बोलणंच टाकलं. पान वाढलं की मांजराला सांगायची, "जेवायला चला म्हणावं." आधी मांजर यायचं, त्याच्यामागून रावजी. गणपती गेले, दसरा गेला, निरोप मांजरामार्फतच. रावजीला हे लागत होतं, चांगलंच लागत होतं. पण खिडकी सोडायचं काही त्याच्या मनात येईना. देवीच्या जत्रेत आपली करामत एकदा गावाला दिसली की शालन आपोआप बोलेल, अशी त्याची समजूत. नवरे असली समजूत कुठून आणतात कोण जाणे.

जत्रेला आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. सदू गुरव देवीपुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्यामागे गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" जन्मापासूनची सवय. वाक्य संपून थांबा आला की तोंडातून ते निघतंच. काय मागितलं हे बघायला कुणी थांबत नाही.

रावजीने एक माईक सदूपुढे ठेवला. त्याचा आवाज अंगणातल्या कर्ण्यांना. दुसरा देवळामागच्या सैपाकाच्या मांडवात. त्याचा आवाज जेवणाच्या मांडवातल्या स्पीकर बॉक्सला, म्हणजे पंगत बसली की आतूनच सांगता यावं, भात निघाला, वरण निघालं. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, पडद्यावर दोघांचं नावही एकच. रावजीने खूण मनात धरली होती: माईकांच्या यादीत काय आणि कर्ण्यांच्या यादीत काय, वरचं अंगणाचं, खालचं सैपाकाचं.

गाऱ्हाणं सुरू होणार तोच लाईट गेली आणि लगेच आली. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला आणि त्या गडबडीत नुसत्या कर्ण्यांच्या यादीत कार्डांची वर-खाली अदलाबदल करून बसला. रावजीने आपले धरलेल्या खुणेप्रमाणे दोन्ही माईक जोडून बटण दाबलं, हेडफोन कानांवर चढवला आणि सदूला हाताने इशारा केला.

सदूने हात जोडले, ओठ हलवले. पण कर्ण्यातून घुमली ती शालन.

"बघ गो गोदूबाय, माजी मशीन उचललीन, नि काळोखात टाकलीन!"

सैपाकाच्या मांडवात गोदूबाई तिच्या शेजारी बसून नारळ खवत होती. माईक चालू आहे हे दोघींच्या गावीही नव्हतं. कर्ण्यांची तोंडं पलीकडे अंगणात, आणि शेजारच्या जेवणाच्या मांडवातल्या बॉक्समधून सदूचं मागणं ऐकू येत होतं, म्हणजे सगळं रीतसर चाललेलं. इकडे अंगणात थांबा आला, आणि गाव गरजला, "व्हय म्हाराजा!"

"त्या डब्याला खिडकी, नि मला काळोख!"

"व्हय म्हाराजा!"

"बोटाची चाळण झाली, पन ह्यांना सांगायचं कुनी?"

"व्हय म्हाराजा!"

 रावजीने माउस पकडला, पण पडद्यावर वाळूचं घड्याळ हटेना. हात रिकामे, कानात बायको. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचं बोलणं सुरुवातीपासून ऐकलं. तिचा आवाज भरून आला होता, हेही त्याला कळलं.

"मशीन ऱ्हावदे गो," शालन म्हणाली. "एकदा माजं ऐकून घ्यायची बुद्धी दे आई त्यांना."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. आणि गावाबरोबर, डोळे मिटून, रावजीही म्हणाला.

मग त्याने वायरच उपटली. अंगणात एकच हसू उसळलं. सदू गुरव मात्र गंभीर. "रावजी, तू पन व्हय म्हनलास. मी ऐकलंय, देवीनं पन ऐकलंय. आता काय करतोस बघ."

पंगतीत शालन भात घेऊन आली. "वाढू काय?" म्हणाली की सगळी रांग म्हणे, "व्हय म्हाराजा!" बिचारीने पदर दातात धरून कसंबसं वाढलं आणि आत पळाली.

दुसऱ्या दिवशी रावजीने कॉम्प्युटर माजघरात नेला आणि मशीन पुसून खिडकीशी ठेवली. तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं आणि काही बोलायचं असल्यासारखा तिथेच उभा राहिला. शालन आली, बसली, सुई वर धरली. दोरा काही जाईना.

"बाजूला व्हा जरा," ती म्हणाली. "उजेड अडवलात."

मांजराने मान वर करून पाहिलं. निरोप त्याच्याकडे नव्हता.