पिल्लाकडे न बघणारे ड्रेसर

कुत्र्याचं पिल्लू पसंत करायला ड्रेसरना बरोबर नेलं, तर ते पिल्लाकडे बघतच नसत. विकणारा पिल्लू उचलून त्यांच्या छातीशी आणायचा आणि ड्रेसर त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचे, "आई कुठंय याची?" पिल्लू एकदा मांडीवर बसलं की माणसाची अक्कल उठून जाते, असं त्यांचं मत होतं. स्वतःलाही ते यातून वगळत नसत.

शहापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. कागदोपत्री त्यांचं पद 'व्रणोपचारक' होतं. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. लोक त्यांना ड्रेसर म्हणत आणि गाय अडली की डॉक्टर म्हणत. "डॉक्टर बोलले का समजायचं, काम रातचं हाय आणि फुकटचं हाय," असं ते सांगत आणि पिशवी उचलून निघत.

ते निवृत्त झाले तेव्हा शहापूर-मुरबाड रस्त्याला फार्महाउसांचं पीक आलेलं होतं. प्रत्येक फाटकावर संगमरवरी पाटी आणि पाटीमागे वासराएवढं कुत्रं. मालक शनिवारी येत, कुत्रं रोज तिथंच. गावातल्या लोकांनीही मग तसली कुत्री आणायला सुरुवात केली. ड्रेसरना याचं नवल वाटे. "म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना हीच माणसं त्याला चालवून बघतात, बसवून उठवून बघतात, खुरं उचलून बघतात. आणि कुत्रा घेताना? मोबाइलात बापाचा फोटो बघतात, बस्स." असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बैलाकडून काम करून घ्यायचं असतं मास्तर. कुत्रा लोकांना दाखवायचा असतो."

आम्हाला मात्र कुत्रा दाखवायला नको होता, निदान मी तशी समजूत करून घेतली होती. किन्हवलीला गावाच्या टोकाला आमचं घर. बिबट्यानं अंगणातून लागोपाठ दोन गावठी कुत्री नेली, तेव्हा माझी बायको नलिनी म्हणाली, "आता असं आणा, की त्या मेल्याला उचलताना विचार पडला पाहिजे." मी वाचायला बसलो. शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला वाचलं की आपल्याला कळतं असं वाटतं. वाचून वाचून मी सेंट बर्नार्ड या बर्फाळ मुलखातल्या दांडग्या जातीपाशी पोचलो आणि नलिनीला नि ड्रेसरना घेऊन मुरबाडकडच्या एका फार्मवर गेलो.

फार्मवाल्यानं आधी चहा दिला, मग बापाचा चषकासकटचा फोटो. "हेवी बोन आहे सर, पाय बघा." ड्रेसरनी पाय दाबून पाहिला. "हाड नाय जाड. सांधा सुजलाय. कॅल्शियमची भुकटी चारतोस काय रे?" तो हसला. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं असल्याचं त्यानं सांगितलं. ड्रेसरनी ओठ वर करून मागच्या हिरडीवरून बोट फिरवलं. "दाढा कुठंयत याच्या? महिन्याचं पण नाय. दूध तोडून विकतोस."

"आणि काका, ही लाइन आपल्या हवेत रुळलेली आहे. दोन पिढ्या इथंच झाल्यात."

"अरे, म्हस इथलीच. ती पण वैशाखात डबकं शोधते. आणि हा बर्फातला दोन पिढ्यांत रुळला?"

"आई कुठंय?" या प्रश्नावर आई नाशिकला कुत्र्यांच्या शोला गेल्याचं कळलं. "आठ पोरं टाकून? कोण सोडतं रे बाळंतिणीला शोला?" ड्रेसर उठले. "चला मास्तर. आई दाखवत नाय म्हणजे आईला उठता येत नसंल."

मी उठलो नाही. कारण तेवढ्यात फार्मवाल्यानं छापील कागद पुढे केला होता: पाच पिढ्यांची वंशावळ, आणि खाली खुब्याच्या सांध्याची लेखी हमी. दोष निघाला तर पिल्लू बदलून मिळेल. थाटामाटाला मी आयुष्यभर हसत आलो. पण व्याकरणशुद्ध कागद दिसला की मी हरतो. नलिनीनं तोवर पिल्लाला पदरात घेतलं होतं. ड्रेसर बाहेर एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "त्याला थंड फरशी द्या, आणि भुकटी देऊ नका."

दहाव्या महिन्यात भीम मागच्या पायांवर उभा राहीनासा झाला. नाव नलिनीनं ठेवलेलं. कल्याणला एक्स-रेचा फोटो काढला. खुब्याच्या वाट्या उथळ, दोन्हीकडच्या. मी तो हमीचा कागद घेऊन फार्मवाल्याला फोन लावला. भांडायची तयारी होती, पण तो नम्रपणे म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द, सर. हा परत आणून द्या, नवीन घेऊन जा."

"याचं काय करशील?"

"ते आमच्यावर सोडा ना."

मी फोन ठेवला. नलिनी भीमाच्या कानात तेल घालत बसली होती. ड्रेसरना सांगितलं, तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "त्याला ठाऊक असतं कोणी परत आणत नाय ते. म्हणून तर एवढी मोठी हमी देतो." मी पडेल आवाजात म्हणालो, तुम्ही सांगितलं होतं. ते म्हणाले, "जखम धुताना कशी झाली ते विचारायचं नसतं मास्तर. आमाला पैल्या दिवशी शिकवलेलं."

त्यानंतर दर गुरुवारी ते शहापूरहून सकाळच्या एसटीनं येत. बसलेली गाय उठवतात तसं भीमाला उठवायचं त्यांनी आम्हाला शिकवलं: पोटाखालून गोणपाट, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि ओढायचं नाही, त्यानं जोर लावायची वाट बघायची. "रोज उभा करा. बसून राह्यलं का जनावर उठायचं इसरतं." आम्ही दोघं साठीपलीकडचे, तो सत्तर किलोचा. तीन वर्षं आम्ही त्याला उभा केला. बिबट्या एकदा कुंपणापर्यंत येऊन गेला. भीम बसल्या जागेवरून भुंकला. आवाज मात्र वंशावळीबरहुकूम होता.

मग ड्रेसरच थकले. लेकीनं त्यांना डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर नेलं. तिथून ते गुरुवारी फोन करत. "उठला का?" "उठला." मग लिफ्ट बंद असल्याची तक्रार, की झाला फोन.

मागल्या वैशाखात एका सोमवारी भीमानं जोर लावलाच नाही. आम्ही गोणपाट धरून बराच वेळ वाट पाहिली. संध्याकाळी आंब्याखाली खड्डा घेतला. ड्रेसरना तेव्हा इस्पितळातून नुकतंच घरी आणलं होतं. लेकीनं बजावलं होतं, त्यांना काही वाईट सांगू नका.

गुरुवारी फोन आला. "उठला का?"

मी म्हणालो, "उठला. थोडा चालला पण."

ते म्हणाले, "वैनींकडं द्या."

नलिनीनं फोन घेतला. ती ऐकत राहिली आणि मध्येच मान हलवली, जणू त्यांना ते दिसणार होतं. मग म्हणाली, "नाही, त्रास नाही झाला त्याला. सोमवारी."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, तुमी दोघांनी जेवून घ्या."