टोप्या मोजल्या, पोरं नाही

चारकोपच्या त्या उन्हाळी शिबिराचं प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झालो. जमेल तसं लिहितो. नाव कुणाचं घेत नाही.

मे महिना. एका शाळेत शिबिर चालायचं, सकाळी नऊ ते चार. चित्रं, मातीकाम, नाच, मध्ये खाऊ, शेवटी खेळ. सकाळी प्रत्येक पोराला पिवळी टोपी द्यायची, घरी जाताना परत घ्यायची. टोप्या पूर्ण जमा झाल्या म्हणजे पोरं गेली, असा हिशेब. मुख्य बाई टोप्या मोजून वहीत सही करायच्या.

साडेपाचला एक आई रडत ठाण्यात आली. सहा वर्षांची मुलगी घरी पोचली नव्हती. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली, आम्ही शाळेत गेलो. वर्ग बघितले, संडास बघितले. गेटचा कॅमेरा बंद. बाईंनी वही पुढे केली.

"तीस टोप्या दिल्या, तीस परत आल्या. व्हॅनवाल्यानेच नेलं असणार तिला."

बाई इंग्रजीत फाडफाड बोलत होत्या. मला तिथेच पटलं.

पोरांना घरी सोडणारा व्हॅनवाला कोकणातला, चाळिशीचा. त्याला उचलून ठाण्यात आणला.

"मुलगी कुठे उतरवलीस?"

"ती गाडीत बसलीच नाय, साहेब. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, टोपी जमा आहे, आई घेऊन गेली असेल."

बाईंना फोन लावला. "मी असं बोललेच नाही," म्हणाल्या.

मग मी हात उचलला. मार खाऊनही तो एकच धरून बसला, की मुलगी तिथेच आहे. "सायबानू, चेडू थयच असा. शाळेतच बघा. पाया पडतो तुमच्या."

"मला अक्कल शिकवतोस? वहीत सही आहे!" आणखी दोन ठेवून दिल्या. असा दीड तास गेला.

तेवढ्यात आमची महिला शिपाई मुलीच्या मैत्रिणीला आजीबरोबर घेऊन आली. पोरीला तिने बिस्किट दिलं, खाली बसून विचारलं, "तुझ्या मैत्रिणीने टोपी कधी दिली गं?"

"खाऊ खाल्ल्यावरच. सगळ्यांच्याच घेतल्या टीचरने. पाण्यात खेळायचं होतं ना, भिजल्या असत्या."

"मग ती कुठे गेली?"

"फ्रॉक बदलायला. गाद्यांच्या खोलीत. मुलगे चिडवतात ना."

आम्ही धावलो. मैदानाच्या कडेला गाद्या नि खेळाचं सामान ठेवायची पत्र्याची खोली. कुणीतरी सवयीने बाहेरून कडी लावून टाकली होती. कडी बाहेरून, म्हणून आम्हीही ती उघडली नव्हती. मुलगी दाराशीच बेशुद्ध पडलेली. ओठ सुकून फाटलेले, दार खरवडून नखांतून रक्त आलेलं. वाचली. नऊ दिवस हॉस्पिटलात होती.

बाईंवर गुन्हा नोंदला, लगेच जामीन झाला. व्हॅनवाल्याला "जा" म्हणालो, बस. पण लोकांनी त्याला पोलिसांच्या गाडीत बसताना पाहिलं होतं. एकेकाने त्याच्या व्हॅनमधून पोरं काढून घेतली. आता तो कारखान्यांच्या इस्टेटीत ट्रकवर माल चढवतो.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्याच्या घरी जाऊन या." मी म्हणालो, पोलीस माफी मागत फिरत नाही. ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली. गेल्या वर्षी ती गेली. घरात बोलणारं कुणी उरलं नाही. तेराव्यानंतर मी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने ओळखलं, पाणी दिलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"माराचं काय नाय, साहेब," तो म्हणाला. "चेडू तिकडे दार खरवडत होतं आणि मी इकडे सांगत होतो. तुम्ही कोणाचंच ऐकलं नाय."

पाणी संपवलं नि उठलो.

नवीन पोरं पोलिसात येतात, त्यांना एवढंच सांगतो. समोरचा मार खाऊन तेच तेच सांगत असेल, तर हात खाली घ्या, जीप काढा आणि तो म्हणतो तिथे आधी बघून या.