सहावा वाढदिवस

माझ्या मुलीचा सहावा वाढदिवस आम्ही केला नाही. विसरलो नव्हतो. मीच करू दिला नाही.

त्याआधी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये लहान मुलींची सौंदर्यस्पर्धा झाली होती. शेजारणीच्या आग्रहाने तिला सहज म्हणून नेलं आणि पोरगी मुकुट घालूनच घरी आली. दोन दिवस काढायला तयार नव्हती. खरं सांगायचं तर मीच काढू देत नव्हते. डोक्यात हवा गेली ती तेव्हाच. मग टीव्हीवरच्या छोट्या सुंदरींच्या कार्यक्रमासाठी नाशिकमध्ये ऑडिशन झाली, त्यात ती निवडली गेली, आणि मुंबईहून एका बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमची मुलगी सगळ्यांत लहान आहे, लोकांना तेच आवडणार. शूटिंग संपेपर्यंत तिला पाचचीच राहू द्या."

शूटिंगला महिना होता. वाढदिवस आठ दिवसांवर आला होता.

नवरा म्हणाला, "अगं, घरातल्या घरात औक्षण तरी कर." मी त्याच्यावरच उखडले. घरात केलं तर पोर तिथे कॅमेऱ्यासमोर बोलून बसेल, एवढंही कळत नाही का? सातपूरची कंपनी आणि घर, यापलीकडे तुला काही दिसतच नाही, असंही सुनावलं. तो डबा उचलून कामावर गेला. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

वाढदिवसाच्या दिवशी मी तिला शाळेत पाठवलं नाही, कारण वर्गात सगळी मुलं टाळ्या वाजवून गाणं म्हणतात. सकाळीच सिन्नरकडच्या गावाहून सासूबाईंचा फोन आला. "नातीला दे ना जरा. लय मोठी झाली असंल आता." ती झोपलीय, असं सांगून मी फोन ठेवला. ती माझ्यासमोर बसून दूध पीत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

तिला खोटं बोलायला शिकवायला मला दोन दुपारी लागल्या. मी विचारायचे, "बाळा, किती वर्षांची तू?" आणि तिने हसून पाच म्हणायचं. पहिल्या दुपारी ती दर वेळी थांबायची आणि म्हणायची, "पण आई, मी सहाची झाले ना?" दुसऱ्या दुपारी विचारेनाशी झाली. मी इतकी खूश झाले, की तिला आइस्क्रीम खायला घेऊन गेले.

मुंबईत कार्यक्रमाच्या तिसऱ्याच भागात ती स्पर्धेतून बाहेर पडली. पुढचा दात हलायला लागला होता. मंचावर चालताना ती सारखी त्याला जीभ लावत राहिली, हसायची विसरलीच. परीक्षकांनी गोड बोलून निरोप दिला. परतताना गाडीत, कसारा घाट चढेपर्यंत, मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. एवढ्याशा जिवावर मी रुसून बसले होते. ती माझ्या ओढणीचं टोक धरून झोपून गेली, तरी मला पाझर फुटला नाही. लिहितानाही लाज वाटते.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मी भानावर आले. नवऱ्याने केक आणला, मी पाट मांडला, तिला नवा फ्रॉक घातला. आता सगळं भरून निघेल असं मला वाटत होतं. मी औक्षणाचं तबक घेऊन उभी असतानाच शेजारीण आली आणि कौतुकाने म्हणाली, "काय गं, किती वर्षांची झालीस?"

पाटावरूनच माझ्याकडे वळून पोरीने हळूच विचारलं, "आई, काकूंना किती सांगू?"

शेजारणीने मान खाली घातली. नवरा माझ्याकडे बघत होता.

"सहा सांग," मी म्हणाले.

तिने सहा सांगितलं. ते खरं होतं, पण तिच्या लेखी तेही आईने सांगितलेलंच होतं.