मशीन तू धर

लग्न होऊन लालबागला आले तेव्हा गाडीच्या रंगातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माहेर गिरगावातलं, वडील कचेरीत कारकून. आमच्या घरात सायकलसुद्धा कधी आली नाही. सासरचं मात्र डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. चाळीमागच्या गल्लीत पत्र्याची शेड, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी. ठोकणं आणि रंग मारणं नवरा करायचा. शेवटचं रबिंग आणि पॉलिश सासऱ्यांकडे. ते मालवणचे, आणि जन्म मुंबईत घालवूनही मालवणीच बोलायचे.

दुपारचा डबा घेऊन मी शेडमध्ये जायचे. त्यांचं जेवण होईपर्यंत एका उलट्या बादलीवर बसायचे. दसरा जवळ आला की गाड्यांची रांग लागायची, कारण पूजेला गाडी चकचकीत हवी असते. अशाच एका दसऱ्याच्या आधी सासऱ्यांचा खांदा धरला. शिवाजी पार्कच्या एका रिटायर्ड डॉक्टरीणबाईंची मरून रंगाची गाडी अर्धी घासून झाली होती आणि सासऱ्यांचा हात वर जाईना. नवरा दुसऱ्या गाडीच्या दरवाजात अडकलेला.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "गो, हयसर ये. हात धू आणि बांगड्यो काढ."

"बांगड्या कशाला?"

"काढ म्हणतंय मां."

मी बांगड्या काढून रिकाम्या डब्यात ठेवल्या. त्यांनी एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी माझ्या बोटांवर चढवली आणि हात बॉनेटवरून फिरवायला सांगितला. नुसत्या डोळ्यांना बॉनेट गुळगुळीत दिसत होतं. पिशवीतून मात्र बारीक खरखर लागली.

"काय लागता?"

"रवा पसरल्यासारखं वाटतंय, बाबा."

ते हसले. "तो रवो जाऊक होयो. बस."

मग जुन्या बनियनचं कापड, त्यावर थोडीशी रबिंगची पेस्ट, आणि वीतभर जागा. गोल गोल घासायचं नाही, पुढून मागे सरळ. सुकायच्या आत पुसायचं. पुसलं की पुढची वीत. संध्याकाळपर्यंत माझे दंड भरून आले होते. शेडची ट्यूबलाइट लावली, तर बॉनेटवर तिची पांढरी रेघ सरळ उमटली. कुठे थरथरली नाही, फाटली नाही. मी ती रेघ बघत उभी राहिले. त्या आधी माझ्या हातचं काही मी असं उभं राहून बघितलं नव्हतं. पोळी केली तर ती खाऊन संपायची.

घरी सासूबाईंनी माझी मोकळी मनगटं बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. सवाष्णीचे हात असे रिकामे बरे नाहीत, असं काहीसं त्या पुटपुटल्या. सासरे जेवता जेवता म्हणाले, "बांगडयेचो ओरखाडो गाडयेक पडलो तर गिऱ्हाईक माका इचारतला, तुका नाय." विषय तिथेच संपला.

त्यानंतर काही वर्षं मी ते काम केलं. रोज नाही, रविवारी, सणासुदीला, काम तुंबलं की. डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या की विचारायच्या, "ह्या वेळी कोणी केली?" सासरे माझ्याकडे बोट दाखवायचे. बाई मान हलवायच्या. मला ते पुरायचं.

मग मशीन आलं. ते येणारच होतं. लोकांना सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत हवी असायची. नव्या गाड्यांच्या रंगावर लॅकरचा कडक पारदर्शक थर असतो, तो हाताने कितीही घासलं तरी दाद देत नाही. नवऱ्याने ग्रँट रोडवरून बफिंग मशीन आणलं. फिरत्या चकतीवर लोकरीचं पॅड. मी दिवसभर जे करायचे ते त्याने तासाभरात केलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा एकसारखं केलं. हाताचं ते खरं आणि मशीनचं खोटं, असं म्हणणारी मी नाही.

नवरा खूश होता. मला म्हणाला, "सुटलीस बघ. आता दंड चोळत बसायला नको."

मी हसून म्हटलं, "बरं झालं."

तो प्रेमाने बोलला होता. मग त्याला काय सांगणार? रविवारी दुपारी मी डबा देऊन घरी परतू लागले.

थोड्याच दिवसांनी एका काळ्या गाडीच्या बॉनेटची कड जळली. कडेला रंग पातळ असतो, तिथे मशीन जरा रेंगाळलं की संपलं. काळ्याखालून प्रायमरचा राखाडी थर दिसायला लागला. नवऱ्याचा हात जोरकस, ठोकाठोकीत मुरलेला. तो मशीनही दाबूनच धरायचा. अख्खं बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. सासरे त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा नवरा रंग आणायला बाहेर गेला होता. सासऱ्यांनी भंगारातलं एक जुनं बॉनेट दोन स्टुलांवर आडवं टाकून ठेवलं होतं.

"मशीन तू धर," ते म्हणाले.

"मी? बाबा, ते केवढं जड आहे."

"जड आसा म्हणानच बरा. ता आपल्या वजनान काम करता. तेका दाबूक नको, फक्त फिरव. तुझो हात हलको आसा."

वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची, म्हणजे रंगाला लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. कडांना कागदी टेप लावून दिली. मी बटण दाबलं. पहिल्या झटक्याला मशीन उजवीकडे पळालं. मग मला कळलं की त्याला ओढायचं नाही, त्याच्या बरोबर जायचं. पॅड सपाट ठेवलं की ते निमूट सरकतं. जुनं, विटलेलं बॉनेट माझ्यासमोर उजळत गेलं. सासरे बाजूला उभे राहून काहीच बोलत नव्हते, म्हणजे चुकत नव्हतं.

मान वर केली तर नवरा शेडच्या तोंडाशी उभा. हातात रंगाचा डबा. कधी आला होता, कोण जाणे.

मी बटण बंद केलं.

"चालू दे की," तो म्हणाला.

"नको. सहज बघत होते."

ओढणीला हात पुसले, रिकामा डबा उचलला आणि निघाले. मला त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण दिसलं होतं, किंवा दिसलं असं वाटलं. ज्या मशीनने त्याच्या हातून गाडी बिघडली, तेच बापाने त्याच्या बायकोच्या हातात दिलं. कुठल्या पुरुषाला आवडेल, असं मी वाटभर मनाशी म्हणत होते.

सासऱ्यांनी नंतर एकदा-दोनदा विचारलं, "येतंस मां?" मी "बघू" म्हटलं. शेजारणीने दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनची जागा सुचवली, ती मी धरली. स्वच्छ काम, पंख्याखाली बसून. सासऱ्यांनी विचारायचं सोडलं. नवऱ्याचा हातही हळूहळू मशीनवर बसला. पुढे सासरे गेले. चाळ आणि गल्ली दोन्ही पुनर्विकासात गेली, तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. नवरा एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागला.

यंदाच्या उन्हाळ्यात तो कामावरून आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "आमच्याकडे पॉलिशिंगला एक मुलगी आलीय. गिऱ्हाइकं तिचं नाव सांगून गाडी देतात."

"हो?"

"चांगली आहे. पण तू जास्त बरी होतीस."

मी कप खाली ठेवला. "हे तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलणार? मला वाटलं, तुला सुटका हवी होती. बरं झालं म्हणालीस ना तू, हसून."

"आणि त्या दिवशी शेडच्या दारात उभे होतात ते?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही. "बघत होतो. माझ्याकडून कड का जळते तेच समजत नव्हतं. तुझ्याकडे बघून कळायला लागलं होतं, तेवढ्यात तू बंद केलंस."

"तुम्हाला वाईट नव्हतं वाटलं?"

"वाईट? अगं, मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, आता ही बघेल, मी आपला रंग मारतो. मग तूच यायची बंद झालीस."

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीप पीप वर ऐकू येत होती. कोणी मला अडवलं असतं तर त्याच्यावर राग तरी धरता आला असता. इथे दोघं एकमेकांना जपत राहिलो आणि माझं एक काम, मला आवडणारं, त्यात हरवलं. सासऱ्यांना हे दिसत असणार. त्यांनी तोंड उघडलं असतं तर, असंही एकदा मनात आलं. पण त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी 'मशीन तू धर' म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी नवरा म्हणाला, "चल, त्या मुलीचं काम बघायला. मी ओळख करून देतो."

मी तेव्हासारखंच हसून म्हटलं, घरात काम आहे. काम काहीच नव्हतं.